ठोसा येतो तेव्हा

स्पॅरिंगला, म्हणजे बॉक्सिंगच्या सरावलढतीला, पहिल्यांदाच उतरलेल्या माणसाकडे नीट पाहिलं, तर तीन गोष्टी एकदम घडताना दिसतात. समोरून हात आला की त्याचे डोळे मिटतात, श्वास अडतो आणि खांदे कानांना जाऊन भिडतात. त्याआधी महिनोन्महिने त्याने बॅग बडवलेली असते. आरशासमोरचं त्याचं शॅडो बॉक्सिंग पाहत राहावं असं असतं. प्रशिक्षकांच्या पॅडवर त्याचे ठोसे खणखणीत वाजतात. पण बॅग उलटून मारत नाही, आणि पॅड धरणारे सर त्याच्याच बाजूचे असतात. खराखुरा माणूस समोर उभा राहिला, त्याचा पहिला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, नाकावर बसला, की शिकलेलं सगळं कुठल्या कुठे जातं. रोज सात-आठ किलोमीटर सहज धावणारा तरुण मिनिटाभरात धापा टाकू लागतो.

हा भित्रेपणा नाही, एवढं आधीच सांगून टाकतो. तोंडाकडे वेगाने काही आलं की पापण्या मिटणं ही शरीराची उपजत सोय आहे. आपल्याला विचारायच्या आत ती आपलं काम करून मोकळी होते. खांदे वर येतात ते मान झाकायला. छाती भरून श्वास धरला जातो तो मार झेलायची तयारी म्हणून. शरीर मनापासून आपल्याला वाचवत असतं. अडचण एवढीच, की हजारो वर्षांपूर्वी जनावर अंगावर येताना जे उपयोगी पडलं, ते रिंगमध्ये घात करतं. डोळे मिटले की दुसरा ठोसा दिसत नाही. श्वास धरला की स्नायू आवळले जातात, आवळलेला हात उशिरा सुटतो आणि दुप्पट थकतो. धावण्याचा दम असूनही माणूस मिनिटात संपतो तो त्यामुळेच. दम छातीत असतो, पण तो तिथेच कोंडलेला असतो.

यातली डोळ्यांची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. डोळ्यांना काही दिसल्यापासून शरीर हलेपर्यंत साधारण एक पंचमांश सेकंद जातो. चांगल्या बॉक्सरचा जॅब जवळजवळ तेवढ्याच वेळात पोचतो. म्हणजे ग्लोव्ह निघालेला पाहून मग डोकं बाजूला घ्यायचं म्हटलं, तर उशीर ठरलेलाच. तरीही जाणते बॉक्सर ठोसे चुकवतात, तेही बोटभर अंतराने. कारण ते ग्लोव्हकडे पाहतच नाहीत. नजर समोरच्याच्या छातीच्या वरच्या भागावर, गळ्याखाली कुठेतरी सैल ठेवलेली असते. तिथून खांद्याची किंचित हालचाल दिसते, पाऊल कुठे पडतंय ते कडेकडेने कळतं, कमरेचा पीळ जाणवतो. ठोसा हातातून निघण्याआधी तो शरीरात तयार होतो आणि ती तयारी वाचता येते. पण ती वाचायला नजर रुंद लागते. घाबरलेल्या माणसाची नजर नेमकी उलट वागते. ती आक्रसते आणि त्या एका मोठ्या ग्लोव्हवर खिळून बसते.

म्हणून रिंगमधलं शांत राहणं ही शोभेची गोष्ट नाही. चेहऱ्यावर प्रसन्न भाव ठेवणं म्हणजे ते नव्हे. समोरचा मारत असतानाही पाहत राहता येणं, याला मी शांत राहणं म्हणतो. ज्याला दिसतं त्याला निवड करता येते: वाकायचं, मागे सरकायचं, हाताने वळवायचं, की पुढे घुसून मिठी घालायची. ज्याला दिसत नाही त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात, मिळेल ते खायचं किंवा अंदाधुंद हात फिरवायचे.

माझी भाची पुण्यातल्या एका छोट्या क्लबात बॉक्सिंग शिकते. थंडीच्या दिवसांत तिला सोडायला मी सकाळी जातो आणि भिंतीशी खुर्ची ओढून बसतो. तिथल्या सरांच्या तोंडी स्पॅरिंगच्या वेळी तीन-चारच वाक्यं असतात. ‘श्वास सोड.’ ‘खांदे खाली.’ ‘अगं, डोळे उघड.’ ‘हात कुठे गेला तुझा?’ ‘घाबरू नकोस’ असं ते कधीही म्हणत नाहीत. सुरुवातीला मला याचं नवल वाटायचं. आता वाटतं, हा माणूस फार शहाणा आहे. घाबरू नकोस या सांगण्याचं पोरीने करायचं काय? भीती काही हुकमाने जात नाही. श्वास मात्र हुकमाने सोडता येतो, खांदे हुकमाने खाली घेता येतात. मनाला थेट हात घालता येत नाही, म्हणून ते शरीराच्या दाराने आत जातात.

त्यातही भर श्वास घेण्यावर नाही, सोडण्यावर आहे. बॉक्सर ठोसा मारताना नाकातून किंवा दातांच्या फटीतून ‘स्स’ करतात, ते नुसतं आवाज करण्यासाठी नसतं. प्रत्येक ठोशाबरोबर थोडी हवा बाहेर गेली की छाती कोंडत नाही, आणि त्याच वेळी पोटावर मार बसला तर पोट घट्ट असतं. शिवाय श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि बाहेर सोडताना किंचित उतरते, ही प्रत्येकाच्या शरीरातली रोजची घडामोड आहे. उच्छ्वास लांबवला की शरीराला सावरायला जागा मिळते. दोन राऊंडच्या मधल्या एका मिनिटात हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं. पोरगी कोपऱ्यात येऊन बसते. सर आधी तिच्या तोंडातला माउथगार्ड काढतात, पाण्याचा एक घोट देतात, आणि बराच वेळ काहीच बोलत नाहीत. तिचे तीन-चार लांब श्वास होऊ देतात. मग एकच गोष्ट सांगतात. ‘ती जॅब मारून हात खाली आणते. तेवढंच बघ.’ बस्स. कोपऱ्यातल्या माणसाने दहा चुका मोजून दाखवल्या, तर त्यातली एकही रिंगमध्ये परत जात नाही. गोंधळलेल्या माणसाला एकच काम द्यावं, हे मी तिथे पाहिलं आणि घरी, कचेरीत, दवाखान्यात नातेवाइकाला घेऊन गेलो तेव्हाही आठवलं. संकटात धावून आलेले लोक एकदम किती सल्ले देतात! आणि ज्याच्यावर वेळ आलेली असते त्याचाही श्वास तसाच अडलेला असतो, खांदे तसेच चढलेले असतात.

मुष्टियुद्धाच्या इतिहासात भीतीबद्दल सर्वांत मोकळेपणाने बोलणारा गुरू म्हणजे कस डमाटो. न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावरच्या ग्रॅमर्सी जिममध्ये त्यांनी फ्लॉइड पॅटरसनला घडवलं, आणि आयुष्याच्या अखेरीस कॅट्सकिल गावात माइक टायसनला. पॅटरसन 1956 मध्ये एकविसाव्या वर्षी जगज्जेता झाला, तेव्हा एवढ्या कमी वयाचा हेवीवेट विजेता कोणी झाला नव्हता. पुढे 1986 मध्ये विसाव्या वर्षी टायसनने तो विक्रम मोडला. ते पाहायला डमाटो मात्र नव्हते, आदल्या वर्षीच ते गेले होते. आपल्या पोरांना ते बजावून सांगत की शूर आणि भित्रा या दोघांच्या पोटात गोळा एकसारखाच येतो, फरक त्यानंतर कोण काय करतो यात असतो. आत कालवाकालव झाली म्हणजे आपण कच्चे आहोत, अशी समजूत नव्या पोराने करून घेऊ नये, यासाठी ते ही गोष्ट पहिल्याच दिवसांत सांगून टाकत.

पॅटरसनचं आयुष्य पाहिलं की हे बोलणं किती खरं होतं ते कळतं. हा माणूस स्वभावाने भिडस्त, लाजाळू. 26 जून 1959 रोजी स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने त्याला तिसऱ्या राऊंडमध्ये सात वेळा खाली पाडलं. सात वेळा! मान खाली घालून कित्येक दिवस तो घरात बसून राहिला. पुढच्याच वर्षी, 20 जून 1960 ला, त्याच योहान्सनला त्याने पाचव्या राऊंडमध्ये डाव्या हुकने झोपवलं. गमावलेलं हेवीवेट विजेतेपद परत मिळवणारा तो पहिला. आणि प्रतिस्पर्धी बेशुद्ध पडलेला पाहताच विजयाचा जल्लोष सोडून तो त्याच्यापाशी गुडघ्यावर बसला. 1962 मध्ये सनी लिस्टनपुढे पहिल्याच राऊंडमध्ये हरल्यावर तो खोटी दाढी-मिशी लावून गावाबाहेर पडला, आणि पुढे पत्रकार गे तलीस यांच्यापाशी स्वतःला भित्रा म्हणायलाही तो कचरला नाही. मला हा माणूस फार मोठा वाटतो. दोनदा जगज्जेता झालेला, ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेला मनुष्य आपल्या भीतीकडे इतक्या उघड्या डोळ्यांनी पाहतो, तेव्हा आपण आपली लपवण्यात शक्ती का घालवावी?

लपवलेली भीती बहुतेक वेळा रागाच्या रूपाने बाहेर पडते. हे क्लबात दर आठवड्याला दिसतं. सरळ, स्वच्छ ठोसा तोंडावर बसला की क्षणभर चेहरा लाल होतो आणि मग पोरगा डोकं खाली घालून दोन्ही हात फिरवत सुटतो. पाहणाऱ्याला वाटतं, काय शौर्य आहे! पण त्याचे डोळे जमिनीकडे असतात. तो समोरच्याला पाहतच नाही. अशा वेळी जाणता पार्टनर एक पाऊल बाजूला होतो आणि त्याला हवेत हात मारू देतो. दहा-बारा सेकंदांत तो आपोआप थकतो. राग हा भीतीचाच दमवणारा भाऊ आहे. याउलट मी अशीही पोरं पाहिली आहेत जी ठोसा बसल्यावर मान हलवून समोरच्याला दाद देतात, ‘हां, बसला’ अशी. त्या एका हालचालीने किती काय होतं! श्वास सुटतो, अभिमानाची गाठ सैल होते, आणि पुढच्या क्षणी नजर पुन्हा जागेवर येते. मार बसल्याचं कबूल केलं की त्याची परतफेड करण्याची घाई उरत नाही.

आता समोरच्या माणसाबद्दल. या चिंतनाचा गाभा मला तिथेच सापडतो.

शांत राहणं ही आपण एकट्याची साधना मानतो. डोळे मिटून बसायचं, मन आवरायचं. स्पॅरिंग पाहत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की दबावाखाली शांत राहायला माणूस एकट्याने शिकूच शकत नाही. त्यासाठी दबाव आणणारा कोणी तरी लागतो, आणि तो आपला वैरी असून चालत नाही. स्पॅरिंगला सामन्यातले 10 किंवा 12 औंसांचे ग्लोव्ह्ज न वापरता बहुधा 14 किंवा 16 औंसांचे, जास्त गादी भरलेले वापरतात. डोक्याला हेडगार्ड असतो. पण खरी गादी असते ती समोरच्याच्या मनात. त्याने इतकाच जोर लावायचा असतो की आपली भीती जागी व्हावी, पण आपण मोडू नये. त्याचं सगळं कसब या मोजमापात असतं. तालमीत मोठा मल्ल धाकट्याशी धरतो, तेव्हा तो त्याला डाव मारायची संधी देतो, पण फुकट देत नाही. तसंच हे आहे. जोर फार कमी पडला तर पोरगं खोट्या शांततेत राहतं, सामन्याच्या दिवशी उघडं पडतं. जास्त झाला तर ते शिकतं फक्त एकच, डोळे आणखी घट्ट मिटायला.

चांगले प्रशिक्षक म्हणूनच हे पायऱ्यापायऱ्यांनी करतात. आधी फक्त जॅब, दोघांनीही. मग एकाने मारायचं, दुसऱ्याने नुसतं वाचवायचं, उलट मारायचं नाही. मग फक्त अंगावर, डोक्याला हात लावायचा नाही. यातला दुसरा प्रकार मला फार आवडतो. तीन मिनिटं कोणीतरी तुम्हाला मारायला येतंय आणि तुम्हाला परत मारायची मुभाच नाही. पहिल्यांदा जीव कासावीस होतो. मग हळूहळू लक्षात येतं की परतफेडीचा विचार डोक्यातून गेल्यावर पाहायला किती जागा झाली! भाचीने हा प्रकार केला त्या सकाळी परतताना ती गाडीत म्हणाली, ‘मामा, आज मला तिचे पाय दिसले.’ मला तेव्हा ते फार काही वाटलं नाही. आज वाटतं, त्या वर्षभरातली तिची ती सर्वांत मोठी कमाई होती.

मेरी कोमचं उदाहरण इथे आठवल्यावाचून राहत नाही. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचं बॉक्सिंग पहिल्यांदाच आलं, पण तिचा 48 किलोचा वजनगट त्यात नव्हता. तिला 51 किलोत उतरावं लागलं, म्हणजे आपल्याहून उंच, लांब हातांच्या मुलींपुढे. त्या तयारीचा एक भाग पुण्यात झाला, आणि सरावात ती मुलांबरोबर स्पॅरिंग करत होती. जास्त उंचीची, जास्त पल्ल्याची सवय तिला आधीच लागावी म्हणून. तिने कांस्यपदक आणलं, तिचं नाव घराघरांत पोचलं. पण तिच्यासमोर रोज उभं राहून, तिला पुरेल एवढाच आणि उपयोगी पडेल एवढाच मार देणारी ती मुलं कोण होती, ते कोणी विचारत नाही. माझ्या मनात त्यांच्याबद्दल मोठा आदर आहे. आपला जोर दुसऱ्याच्या शिकण्याच्या मापाने वापरणं हे अवघड काम आहे, आणि त्याला पदक नाही.

दबावाखालच्या शांतपणाचं जगाला ठाऊक असलेलं सर्वांत मोठं दृश्य मात्र किन्शासाचं आहे. 30 ऑक्टोबर 1974, पहाटेचे चार. झैरच्या राजधानीत बत्तीस वर्षांचा मुहम्मद अली पंचवीस वर्षांच्या जॉर्ज फोरमनसमोर उभा होता. फोरमन तोवर चाळीस लढती खेळून एकही हरला नव्हता. ज्या जो फ्रेझर आणि केन नॉर्टन यांनी अलीला हरवलं होतं, त्या दोघांनाही फोरमनने दोन-दोन राऊंडमध्ये संपवलं होतं. मुळात ही लढत सप्टेंबरात व्हायची होती, पण सरावात पार्टनरचं कोपर लागून फोरमनच्या डोळ्यावर जखम झाली आणि ती लांबली. दुसऱ्या राऊंडपासून अली दोरांना टेकला. त्याच्या कोपऱ्यातली माणसं ओरडत होती, दोरांवरून नीघ म्हणून. तो निघाला नाही. फोरमन घणाचे घाव घालत होता आणि अली ते हातांवर, कोपरांवर घेत, मागे झुकत, त्याच्याशी बोलत होता. आजही ते चित्रण पाहताना मी फक्त अलीचे डोळे पाहतो. ते एकदाही मिटलेले वाटत नाहीत. मधूनच एखादा सरळ ठोसा दोन हातांच्या फटीतून नेमका फोरमनच्या तोंडावर जातो, म्हणजे दोरांवर रेललेला माणूस सगळा वेळ मोजमाप घेत होता. आठव्या राऊंडपर्यंत फोरमन थकला होता, अलीचे ठोसे बसले आणि काही सेकंदांत तो जमिनीवर होता.

हे दृश्य मनात ठेवून कितीतरी लोकांनी चुकीचा धडा घेतला आहे असं मला वाटतं. सोसत राहा, समोरचा थकेल. आपल्याकडे तर सोसण्याचं कौतुक आधीच भरपूर आहे. घरातल्या बाईने सोसावं, नोकरीतल्या धाकट्याने सोसावं, आणि जो सोसतो त्याला शांत म्हणावं. पण किन्शासात अली सोसत होता म्हणून जिंकला नाही, पाहत होता म्हणून जिंकला. आणि सोसण्याचा हिशेब शरीराने वेगळा मांडून ठेवला. पेनसिल्व्हेनियात डियर लेकच्या आपल्या शिबिरात अली सरावाच्या वेळीही दोरांना टेकून पार्टनरना स्वतःला बडवू द्यायचा, मार पचवायची सवय म्हणून. सामने मोजले जातात, सरावातले ठोसे कोणी मोजत नाही. 1977 मध्ये अर्नी शेवर्सबरोबरच्या लढतीनंतर त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी आता थांबायला हवं असं लिहून कळवलं, आणि कोणी ऐकलं नाही तेव्हा त्याची साथ सोडली. 1984 मध्ये अलीला पार्किन्सनचं निदान झालं. त्या दुखण्यात ठोशांचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. तो मार त्याच्या शरीराने झेलला होता, याबद्दल मात्र नाहीत.

डियर लेकमधल्या त्या पार्टनरपैकी एक होता लॅरी होम्स. अलीसमोर रोज उभं राहून तो शिकला, घडला आणि पुढे स्वतः जगज्जेता झाला. 2 ऑक्टोबर 1980 रोजी लास व्हेगासमध्ये अडतीस वर्षांचा अली त्याच्याशी लढायला उतरला. ती लढत मला पुन्हा पाहवत नाही. अलीचे हात निघत नव्हते. होम्सचा जॅब पुन्हापुन्हा त्याच्या तोंडावर बसत होता, आणि मारता मारता होम्स पंचांकडे पाहत होता, आता तरी थांबवा म्हणून. जो जोर मोजून वापरायला सरावात शिकला, त्याच्यावर ज्याच्याकडून शिकला त्यालाच मारायची वेळ आली होती. तो जिंकला आणि रडला. दहाव्या राऊंडनंतर अलीचे गुरू अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. कोपऱ्यातला जुना सहकारी बंडिनी ब्राउन त्यांना अडवत होता, आणखी एक राऊंड म्हणत होता. डंडी ठाम राहिले. मुख्य मी आहे आणि मी थांबवतोय, असं त्यांनी सांगितलं. त्या रात्री रिंगच्या आसपास जर कोणी दबावाखाली डोळे उघडे ठेवले असतील, तर ते या माणसाने. त्यांच्या समोर जगातला सर्वांत लाडका खेळाडू बसला होता, आजूबाजूला हजारो लोक होते, आणि त्यांनी पाहायचं ते पाहिलं.

शांत राहायला शिकण्यात थांबायला शिकणंही येतं, आणि ते शिकवणाऱ्यालाही शिकावं लागतं. डोक्यावर ठोसा बसून नॉकआउट झालेल्या हौशी बॉक्सरला नियमानुसार काही आठवडे लढायला तर मनाई असतेच, स्पॅरिंगलाही असते. हेडगार्डमुळे कातडी फाटणं वाचतं, पण कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच. पुरुषांच्या मोठ्या हौशी स्पर्धांमधून 2013 पासून हेडगार्ड गेला, सरावात तो राहिला. पण तो घातला म्हणजे पोरगं सुरक्षित झालं, अशी आईवडिलांची समजूत असेल तर ती खरी नाही. सुरक्षित ठेवतो तो समोरचा पार्टनर आणि दोरांबाहेर उभा असलेला माणूस.

म्हणून मुलाला किंवा मुलीला एखाद्या क्लबात घालणार असाल, तर भिंतीवरच्या पदकांच्या फोटोंपाशी फार वेळ थांबू नका. एखाद्या सकाळी जा आणि स्पॅरिंग पाहा. नव्या पोराला जुन्यासमोर उभं करताना सर जुन्याच्या कानात काही सांगतात का, ते पाहा. कोणी राग येऊन हात फिरवायला लागलं की सर लगेच ‘थांब’ म्हणतात, की बाजूची पोरं शिट्ट्या वाजवतात, ते पाहा. जोरदार ठोसा बसलेल्या पोराला नंतर बाजूला बसवून त्याच्याशी दोन शब्द बोललं जातं का, त्याच्या डोळ्यांत कोणी पाहतं का. आणि ‘सर, आज पुरे’ असं एखादी मुलगी स्वतःहून म्हणाली, तर तिथे कोणी तिला हसतं का, हेही नक्की पाहा.